चार नंबरच्या टाकीतली काळी बिअर

"मामा चार वाजता येतायत. त्यांना आवडली तर ठीक, नाहीतर उद्या सकाळी ही सगळी टाकी गटारात," यशोधन म्हणाला.

"आणि मी?"

"तू कुठे जातेस? तू आहेसच की इथे. फक्त बंगळुरूचा तो माणूस उद्या येतोय, तो मुख्य. तू त्याच्या हाताखाली."

हे त्याने इतक्या गोड आवाजात सांगितलं की क्षणभर मला वाटलं, आपल्यावर उपकारच होतायत. मग डोकं फिरलं. माझं डोकं लवकर फिरतं, आजही फिरतं, आणि त्याबद्दल मी कुणाची माफी मागत नाही.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. यशोधन मोकाशी आमचा मालक. म्हाळुंग्याच्या बाजूला त्याचं हॉटेल होतं, आणि हॉटेलाच्या मागेच काचेच्या भिंतीआड पाचशे-पाचशे लिटरच्या पाच टाक्या. बिअर तिथेच बनवायची आणि तिथेच नळातून ग्लासात ओतायची. मी दोन वर्षं तिथे मदतनीस होते. त्या दिवसाच्या चार महिने आधी आमचा मुख्य माणूस गोव्याला निघून गेला आणि यशोधनने "तात्पुरतं" म्हणून सगळं माझ्या हातात दिलं. मी तात्पुरतं काही करत नाही. चार महिन्यांत मी तीन प्रकारच्या बिअर काढल्या, तिन्ही संपल्या. चौथी ही काळी, चार नंबरच्या टाकीत.

या काळ्या बिअरला स्टाउट म्हणतात. हिच्यात रंग घालत नाहीत. जवाला मोड आणायचे, वाळवायचे, आणि त्यातले थोडेसे दाणे करपायच्या एक पायरी अलीकडे येईपर्यंत भाजायचे. तेवढ्याशा दाण्यांनी अख्खी टाकी काळी होते. चव कॉफीची, कडू चॉकलेटची. मला स्वतःला ती फार चांगली जमली होती, हे मी तेव्हाही म्हणत होते.

लोक मात्र म्हणत नव्हते. शुक्रवारी नळाला लावली, तर चौदा ग्लास परत आले. एकाने विचारलं हे कोल्ड्रिंक आहे का, एक बाई म्हणाल्या करपलीय. का नाही म्हणणार? बारवाल्याने बाकीच्या बिअरसारखीच ती बर्फागत गार करून दिली होती. आपल्याकडे बिअर म्हणजे दातांना कळ लागेल इतकी गार पाहिजे. तेवढ्या थंडीत स्टाउटची चव आखडून बसते, नुसतं कडू तेवढं वर राहतं. मी हे यशोधनला तीनदा सांगितलं. त्याने तीनदा मान हलवली आणि बंगळुरूला फोन लावला.

मामा म्हणजे यशोधनचे सख्खे मामा, दत्ताजीराव शितोळे. शिरवळला पोल्ट्री. हॉटेलाची जागा त्यांची, म्हणून शेवटचा शब्दही त्यांचाच. चाळीस वर्षं ते एकच पिवळी बिअर पीत आले होते. ती कशी पीत, ते सगळ्या स्टाफला पाठ होतं. ग्लासात बर्फाचे दोन खडे, वरून चिमूटभर मीठ, बाजूला खारे दाणे. मीठ टाकलं की फेस वर यायचा आणि ते खूश व्हायचे. पोरं पाठीमागे हसायची. मीही हसले होते, खोटं कशाला बोलू.

चार वाजता ते आले. पांढरा शर्ट, पांढऱ्या मिशा, हातात गाडीची किल्ली नाही, कारण ड्रायव्हर बाहेर. खिडकीजवळच्या टेबलाशी बसले. यशोधन त्यांच्या शेजारी.

मी स्टाउटचा ग्लास आणून ठेवला. मामांनी तो उजेडात धरला. पलीकडचं काही दिसेना.

"पोरी, हे इंजिनातलं ऑइल आहे का?"

"नाही मामा. उजेडात कडेला बघा, लालसर दिसेल."

त्यांनी बघितलं. "दिसतंय. पण काळी म्हणजे कडक असणार. दोन ग्लासात माणूस आडवा."

"उलट आहे. तुमच्या नेहमीच्या बिअरपेक्षा ही हलकी आहे. रंगाचा नि नशेचा काही संबंध नाही."

"काय सांगतेस? यशा, खरं का हे?"

यशोधनने मान हलवली. त्याला मान हलवायला बरं जमायचं.

मामांनी बर्फाच्या भांड्याकडे हात नेला. मी भांडं उचललं आणि शेजारच्या टेबलावर ठेवलं. यशोधनचा चेहरा पडला. मामांशी असं कुणी वागलेलं नव्हतं.

"बर्फ नाही," मी म्हणाले. "आणि लगेच प्यायचीही नाही. ग्लास दोन्ही हातांत धरून बसा. पाच मिनिटं."

"का? थंडी वाजतेय का तिला?"

"हो. ऊब मिळाली की बोलेल."

मामा माझ्याकडे बघत राहिले. मग खरोखरच त्यांनी ग्लास दोन्ही तळव्यांत धरला, दुधाचा पेला धरावा तसा. पाच मिनिटं माणूस गप्प कसा बसणार? त्यांनी मला विचारलं, तू कुठली. मी सांगितलं, बार्शीची. वडील काय करतात? फुटाण्यांची भट्टी. देवळापुढच्या दुकानांना प्रसादाचे फुटाणे, चुरमुरे आमच्याकडून जातात.

"आणि त्यांची पोरगी बिअर करते," मामा म्हणाले. "त्यांना चालतं?"

"त्यांना माहीत नाही," मी म्हणाले.

खरंच माहीत नव्हतं, म्हणजे मी तसं समजून होते. पुण्यात शिकून मी आधी एका बिस्किटाच्या फॅक्टरीत लागले होते. सहा महिन्यांत तिथला कंटाळा आला, ती नोकरी सोडून इकडे आले, आणि हा बदल घरी सांगायचा राहून गेला. राहून गेला म्हणजे मी सांगितला नाही. देवाच्या प्रसादाचे फुटाणे भाजणाऱ्या माणसाची पोरगी दारू गाळते, असं गावात झालं असतं तर गिऱ्हाईक तुटलं असतं. आणि वडिलांचं, अण्णांचं, तोंड मला बघवलं नसतं. दोन वर्षं मी फोनवर बिस्किटांचंच सांगत होते.

बरं, त्यातून मी आणखी एक उद्योग केला होता. या काळ्या बिअरसाठी लागणारे भाजलेले जव परदेशातून यायचे, आणि तो माल दोन महिने बंदरात अडकून पडला. मी काय करावं? मोड आणून वाळवलेल्या जवांचं पंचवीस किलोचं पोतं थेट बार्शीला, आमच्या भट्टीवर पाठवलं. अण्णांना सांगितलं, फॅक्टरीत नवीन काळं बिस्किट काढतोय, पार कॉफीच्या रंगाचे भाजून द्या. वाळूत भाजताना दाणा कुठे थांबवायचा हे अण्णांइतकं कुणाला कळतं? यशोधनला म्हटलं, ओळखीची भट्टी आहे. पोतं परत आलं, तेव्हा त्याला सुटलेला वास घेऊन मी पोत्यावरच डोकं टेकून बसले होते.

पाच मिनिटं झाली. मामांनी घोट घेतला, कपाळाला आठी. यशोधनने माझ्याकडे बघितलं.

"कडू आहे," मामा म्हणाले.

"आहे. गिळून टाकू नका, तोंडात फिरवा. आणि मग हे."

मी शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा पुढे केला. त्यांनी चिक्की चावली, परत घोट घेतला. या वेळी आठी पडली नाही. तिसरा घोट त्यांनी न सांगता घेतला आणि खिडकीतून बाहेर बघत बसले.

"कॉफी," ते म्हणाले. "आमची आई चुलीवर बिया भाजायची, तसलं काहीतरी. मागून थोडी गोडी येतेय. येतेय का?"

"येतेय."

"उगाच लोक पटापट पितात. ही बसून प्यायची वस्तू आहे."

यशोधन सैल होऊन खुर्चीला टेकला. आणि मामांनी सवयीने मिठाची डबी ओढली, चिमूट घेतली, ग्लासावर हात नेला आणि थांबले. परत एक घोट घेतला. चिमूट डबीत सोडली.

"हिच्यात मीठ आहे."

"नाही हो मामा," मी म्हणाले.

"पोरी, चाळीस वर्षं मी बिअरमध्ये मीठ टाकतोय. मला कळणार नाही? थोडंसंच आहे, पण आहे. आणि बरोबर आहे. त्यानेच कडूपणा मऊ झालाय. हुशार आहेस. पुढच्या वेळी अशीच कर, एवढंच मीठ टाक."

मी त्यांच्या ग्लासातला घोट घेतला. लाज बाजूला ठेवूनच घेतला. ऊब आलेल्या त्या बिअरमध्ये जिभेच्या कडेला मीठ होतं. मी रोज टाकीतून गार गार चाखत होते, तेव्हा फक्त एक गोलाई जाणवायची. मला वाटायचं, आपल्या हाताला चव आहे.

"तूच टाकलंस ना?" मामांनी विचारलं.

मामांच्या मागून यशोधन मला खुणावत होता. हो म्हण, हो म्हण. माझ्याही ओठांवर 'हो' आलं होतं. एक शब्द, की टाकी वाचत होती, जागा माझी होत होती, बंगळुरूवाल्याचं तिकीट रद्द. पण पुढच्या वेळी अशीच कर, म्हणाले होते ते. कशी करणार होते मी? मीठ कुठून आलं, किती आलं, मला काय ठाऊक? महिन्याभरात नवीन टाकी भरली असती आणि मामांच्या जिभेने मला पकडलं असतं.

"मी टाकलेलं नाही," मी म्हणाले. "कुठून आलं, मला माहीत नाही."

मग यशोधन पुढे झुकला. आता त्याचा आवाज गोड नव्हता.

"मामा, म्हणूनच मी त्या माणसाला बोलावलंय. आपल्या टाकीत काय आहे हेच जिला माहीत नाही, तिच्या हातात मी पाच टाक्या कशा देऊ? आज मीठ आहे, उद्या आणखी काही असेल."

राग आला, पण त्यात खोट काढायला मला जागा सापडेना. मी पाणी आठवलं. पाण्यात आम्ही काही घातलं नव्हतं. भांडी धुतलेली, टाकी तपासलेली. मग राहिलं काय? राहिले भाजलेले जव. आणि मला एकदम भट्टीवरचं ते पातेलं दिसलं. आमच्याकडे हरभरा भाजायच्या आधी त्याला हळद-मिठाच्या पाण्याचा हात मारतात. लहानपणी तो हात मारायचं काम माझं होतं.

पण अण्णांना मी बजावून सांगितलं होतं, हळद नको, मीठ नको.

"कुठून आलं ते मला कळेल," मी म्हणाले. "एक फोन करते."

"इथेच कर," मामा म्हणाले. "स्पीकरवर लाव. मलाही ऐकायचंय."

मी फोन लावला. चार-पाच वेळा वाजल्यावर अण्णांनी उचलला. मागून चाळणीचा आवाज येत होता.

"अण्णा, जव भाजताना मीठ मारलं होतं का?"

"मारलं होतं."

"मी नको म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस," अण्णा म्हणाले. मग थांबून, "का? बिस्किट खारट झालं का?"

मामांनी भुवया वर केल्या. यशोधनला काही कळेना. आणि मी त्या टेबलाशी उभी राहून फोनकडे बघत होते. थोडं खारट झालं, एवढं म्हणून फोन ठेवता आला असता. मिठाचा पत्ता तर लागला होता. पण किती मारलं, का मारलं, परत कसं मारायचं, हे सगळं विचारायचं तर काय बनवतेय ते सांगावंच लागणार होतं. मला इतकी भीती आधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटलेली नाही.

"अण्णा, बिस्किट नाही. बिअर आहे. मी फॅक्टरी केव्हाच सोडली. दोन वर्षं मी बिअरच करतेय. तुम्ही भाजलेले जव तिच्यात घातलेत."

पलीकडे चाळणी थांबली.

"माहितीय," अण्णा म्हणाले.

"काय माहितीय?"

"पोतं आलं तेव्हाच एक दाणा चावला मी. गोड लागला. मोड आणून वाळवलेला दाणा. बिस्किटाला मोड कोण आणतं गं? पन्नास वर्षं दाणे चावतोय मी, हेमे."

"तरी भाजलेत तुम्ही?"

"वेगळी कढई घेतली. नवीन वाळू आणली. दोन दिवस प्रसादाचं काम बंद ठेवून मागच्या चुलीवर भाजले. देवळाचं देवळाला, तुझं तुला. नाही भाजले असते तर तू दुसऱ्या कुणाकडनं करपवून आणले असतेस."

"आणि मीठ?"

"तू सांगितलंस तेवढं काळं केलं, नि एक दाणा तोंडात टाकला. कडूजहर. म्हटलं, हे माणसाच्या घशाखाली कसं उतरायचं? लोक तोंड वाकडं करतील, नि नावं माझ्या पोरीला ठेवतील. म्हणून उतरवताना मिठाच्या पाण्याचा हात मारला. हळद नाही घातली, रंग बिघडला असता."

मी रडले. तिथेच, मालकासमोर, मालकाच्या मामांसमोर. ओढणीने नाक पुसलं आणि विचारलं, "किती मीठ?"

"पोत्याला दोन मुठी. माझ्या मुठी. तुझ्या असतील तर तीन घे."

मामा फोनजवळ सरकले. "अण्णा, नमस्कार. मी शितोळे. ही बिअर आत्ता मीच पितोय."

"नमस्कार," अण्णा जरा अवघडून म्हणाले. "बरी आहे का?"

"चांगली आहे. पहिल्यांदाच पितोय असली. मिठामुळे उतरली."

"पोरगी काम नीट करते ना?"

"काम उत्तम करते. ऐकत मात्र कुणाचं नाही."

"ते घरचंच आहे," अण्णा म्हणाले.

मामा मिशीत हसले आणि यशोधनकडे वळले. "त्या बंगळुरूवाल्याला कळव, येऊ नको म्हणावं. आणि बारवाल्याला सांग, ही गार करायची नाही. माझ्यासाठी आणखी एक आणायला सांग, अशीच."

यशोधनने मान हलवली. या वेळी मला ती आवडली. तो उठून गेला. टाकी वाचली, मीही वाचले, आणि मुख्याच्या त्या जागेवर मी पुढची अकरा वर्षं राहिले. पण तेव्हा माझं लक्ष तिकडे नव्हतं, कारण अण्णांनी फोन ठेवला नव्हता. मी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला आणि काचेच्या भिंतीजवळ जाऊन उभी राहिले.

"अण्णा, रागावलात?"

"दारूचं काही नाही. लोकं बोलतील, बोलू देत, फुटाणे खायचे सोडणारेत का. पण दोन वर्षं मला लांबच्या माणसासारखं ठेवलंस, त्याचं वाईट वाटलं."

"चुकलं माझं."

"चुकलंच. आता एक काम कर. उद्या ये नि आईला तूच सांग. माझ्याच्यानं आता होत नाही."

"काय होत नाही?"

अण्णांनी घसा साफ केला. "आधी तू यायचीस तेव्हा फॅक्टरीतली बिस्किटं आणायचीस ना? मग ते बंद झालं. तुझी आई सारखी विचारायला लागली, पोरीचं काही बिनसलं का, नोकरी गेली का. रात्र रात्र झोपायची नाही. मग मी बेकरीतनं दोन पुडे घ्यायला लागलो. घरी नेऊन सांगायचं, हेमीने एसटीतनं पाठवलेत. दोन वर्षं झाली. ती शेजारणींना वाटते नि सांगते, माझ्या पोरीच्या हातची आहेत."

मी मनात हिशेब केला आणि मला कळलं. जवाचं पोतं तर दोन महिन्यांपूर्वीचं. पुडे मात्र दोन वर्षांपासूनचे. मी नोकरी सोडली हे अण्णांना पहिल्यापासूनच कळलं होतं, आणि ते मी सांगायची वाट बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी बार्शीला गेले. आई ओट्याशी भाकऱ्या थापत होती. मी तिथेच पाटावर बसले आणि सगळं सांगितलं, फॅक्टरी, बिअर, जव, मीठ, काही ठेवलं नाही. तिने तव्यावरची भाकरी उलटली, गॅस बारीक केला, आणि दारात उभ्या असलेल्या अण्णांकडे बघितलं.

"तरीच म्हटलं," ती म्हणाली, "फॅक्टरीतल्या बिस्किटाला आपल्या चौकातल्या बेकरीची चव कशी? मला वाटलं, ह्यांना पोरीची आठवण येते म्हणून हे आणतात. म्हणून मी खात होते."